अण्णाच्या रॅकवरचा मिक्सर

अण्णा, तू जाऊन महिना होत आला आणि मी अजून तुझ्यावर चिडलेलीच आहे. लोक भेटायला येतात, डोळ्यांना पदर लावतात आणि माझ्याकडं अपेक्षेनं बघतात. मला रडू येत नाही असं नाही. पण रडायला लागले की मधेच तुझ्या शेडमधली एखादी वायर आठवते. ती कुठून निघते आणि कुठं जाते याचा काही पत्ता नसतो. मग रडणं बाजूला राहतं आणि डोकंच फिरतं. तुझ्यामागं दुःख होईल याची मनाची तयारी होती. या गोंधळाची नव्हती.

शिरोली एमआयडीसीतली तुझी ती पत्र्याची शेड, फाउंड्रीच्या पाठीमागची. जन्मभर तू ऑफिसाऑफिसातून कंप्युटर दुरुस्त करत हिंडलास आणि लोकांनी टाकून दिलेले तिथं आणून ठेवत गेलास. मोठ्या फ्लॉपीचे, छोट्या फ्लॉपीचे, हिरव्या अक्षरांचे पडदे असलेले, कसलाच पडदा नसलेले. पोटभर किंचाळणारे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. टेपरेकॉर्डर, टेलिप्रिंटर, आणि ज्यांची नावं मला या जन्मात कळणार नाहीत अशा पेट्या. सगळ्यावर फाउंड्रीची काळी धूळ. मी आले की तू खुर्ची पुसायचास आणि मी ती परत माझ्या रुमालानं पुसायचे. त्यावरून आपलं भांडण सुरू व्हायचं आणि शेवटी नेहमीच्या जागी येऊन थांबायचं.

नेहमीची जागा म्हणजे उसनवारी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. नाव लिहिल्याशिवाय, सही घेतल्याशिवाय एक पुस्तक दाराबाहेर सोडलं नाही. प्राचार्यांनासुद्धा सोडलं नाही. आणि तू? कोणीही यायचं, "अण्णा, जरा तो प्रिंटर पाहिजे हुता" म्हणायचं, आणि तू उचलून द्यायचास. नाव नाही, गाव नाही, परत कधी आणणार हे विचारणं नाही. मी म्हणायचे, एवढं जपून ठेवलंस तर नीट कपाटात ठेव, काचा लाव, लोकांना येऊन बघू दे. तू हसायचास. "तंगी, तुझी पुस्तकं कपाटात जगत्यात. ही न्हाय जगत. चार महिनं करंट न्हाय दिला की आतनं वाळत्यात. कुणाच्या तरी कामात असली तरच टिकत्यात." तंगी म्हणजे कानडीत धाकटी बहीण, आपल्या अव्वानं, आईनं दिलेलं नाव. आता त्या नावानं हाक मारणारं कोणी उरलं नाही, हे परवा भाजी चिरताना माझ्या लक्षात आलं.

आपलं शेवटचं बोलणं फोनवर झालं, ते याच विषयावर. मी म्हटलं, तू गेल्यावर हे सगळं कोण बघणार? तू म्हणालास, "गेल्यावर बघू." आणि हसलास, आणि फोन ठेवलास. मी चिडून परत केला नाही. त्याच आठवड्यात तू गेलास. यावर मी काय करावं, ते मला अजून समजलेलं नाही.

तुझे दिवस झाले आणि फाउंड्रीच्या मालकांचा निरोप आला. माणूस भला आहे. तू त्यांची मशिनं सांभाळायचास म्हणून त्यांनी इतकी वर्षं शेड तशीच वापरू दिली. आता त्यांना जागा लागणार, महिनाअखेर मोकळी करा म्हणाले. नेमका त्याच सुमारास एका इंजिनिअरिंग कॉलेजचा फोन आला. तुझा संग्रह त्यांना पाहिजे. एक स्वतंत्र दालन, काचेची कपाटं, प्रत्येक वस्तूखाली माहिती, दारात तुझा फोटो. अट एकच, सगळ्याची यादी करून द्यायची आणि एकदा आत गेलं की काही बाहेर जाणार नाही. मी जन्मभर तुझ्याशी भांडून जे मागितलं, ते कोणीतरी ताटात वाढून आणलं होतं. वैनी म्हणाल्या, "वन्सं, मला त्यातलं काय कळतंय? तुमी शिकलेल्या. तुमी म्हणशीला तसं." मी हो म्हटलं. सोमवारी टेम्पो आणतो, असं तिथले सर म्हणाले.

मग मी पदर खोचून तुझ्या शेडमध्ये शिरले. काय सांगू तुला. कंप्युटरच्या शेजारी मिक्सर. टेलिप्रिंटरच्या वरच्या फळीवर इस्त्री. रॅकच्या मधोमध केस वाळवायचं यंत्र. एका कोपऱ्यात देवळातला असावा असा भोंगा. मागं एकदा मी तुला विचारलं होतं, हे काय मधेमधे? तू म्हणाला होतास, "जागा रिकामी दिसू न्हाय म्हणून." मला वाटलं, तू थट्टा करतोयस. तुझी थट्टा आणि तुझं खरं बोलणं वेगळं काढायला मी कधी शिकलेच नाही. दोन्हीला तू एकच तोंड करायचास.

कॉलेजला संग्रह द्यायचा तर तो नीटनेटका पाहिजे. मी सगळ्या मिक्सर-इस्त्र्या बाजूला काढल्या, भंगारवाल्याला बोलावलं आणि दिल्या. वैनीही होत्या. त्यांना उलट बरं वाटलं. रॅक कसा मोकळा, सुटसुटीत दिसायला लागला. मी यादी लिहायला बसले. इतक्या वर्षांनी तुझ्या शेडला ग्रंथालयाची शिस्त लागत होती आणि मला, खोटं कशाला बोलू, फार समाधान वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात एक जीप थांबली. हातकणंगल्याच्या बाजूच्या दूध संस्थेचे सचिव. तू गेल्याचं त्यांना उशिरा कळलं होतं. त्यांनी जीपमधून एक प्रिंटर उतरवला, धुतलेल्या टॉवेलात गुंडाळलेला. गेलेल्या माणसाची वस्तू आपल्या घरात ठेवू नये, ती त्याच्या घरी पोचवावी, असं त्यांच्या आईनं सांगितलं म्हणे. मी खूश. बघ अण्णा, मी मनात म्हटलं, परत आला की नाही एक तरी. त्यांनी प्रिंटर उचलून बरोबर एका फळीवर ठेवला, कुणाला न विचारता, आपल्या घरातली जागा असावी तसा. मग त्या फळीकडं बघत उभे राहिले.

"ताई, हितं आमचा मिक्सर हुता," ते म्हणाले. "मंडळींच्या माहेरचा हाय."

मला आधी काही कळेना. मग त्यांनीच सावकाश सांगितलं. तुझ्याकडून काही न्यायचं तर त्याच्या जागी आपलं काहीतरी ठेवायचं. बंद पडलेलं चालतं, विजेवर चालणारं असावं एवढंच. तारण म्हणून नव्हे. त्यांनी एकदा पैसे पुढं केले तर तू रागावलास म्हणे. ठेवलेली वस्तू दिसली की तुला त्या माणसाची आठवण राहायची. मिक्सर दिसला की दूध संस्था, भोंगा दिसला की आणखी कोण. तू नाव लिहीत नव्हतास कारण तुझ्या रॅकवर माणसं बसलेलीच होती. आणि मी ती भंगारात घातली होती.

अण्णा, मला हे आधी सांगायला काय झालं होतं तुला? बाहेरच्या सचिवांना माहीत, भोंगेवाल्याला माहीत, बहिणीला नाही. मी भांडले असते म्हणून? भांडलेच असते. पण निदान तो मिक्सर टाकला नसता.

मी, वैनी आणि सचिव त्यांच्याच जीपमधून भंगारवाल्याकडं गेलो.  वाटेत वैनी त्या पावण्यांना समजावत होत्या, "वन्सं लई शिस्तीच्या हायत, त्यातनं झालं." बाजूनं बोलत होत्या की विरुद्ध, देव जाणे. भंगारवाल्यानं ढिगात हात घालून शोधाशोध केली. इस्त्र्या मिळाल्या, भोंगा मिळाला. काही वस्तू तांब्यासाठी फोडून झाल्या होत्या. केस वाळवायच्या यंत्राचा नुसता दांडा राहिला होता. ते कोणाचं, ते आता कळायचा मार्ग नाही. मिक्सर सापडला, भांडं मात्र गेलेलं. सचिवांनी तो तिथल्याच प्लगला जोडून बटण दाबलं आणि तो गरगरला. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "ह्यो जळाल्याला हुता. अण्णांनी वायंडिंग केलंय की."

परत आल्यावर मी भंगारातून वाचलेल्या सगळ्या वस्तू विजेला जोडून बघितल्या. म्हटलं, म्हणजे हे असं होतं तर, उसनवारीच्या निमित्तानं लोकांच्या वस्तू दुरुस्त करायच्या. माझ्या मनात तुझी छान गोष्ट तयार व्हायला लागली. पण एक इस्त्री चालली, दुसरी चालली नाही. भोंगा मुका तो मुकाच. एका रेडिओत तर तू हातही घातला नव्हतास, आत कोळ्याचं जाळं तसंच. मग मिक्सरच का? वेळ होता म्हणून, की वायर शिल्लक होती म्हणून, की त्या सचिवांनी कधी बायकोबद्दल काही सांगितलं होतं म्हणून? मी तुझा नियम शोधते आणि तो प्रत्येक वेळी निम्म्यातच संपतो. माणूस गेल्यावर उलगडतो म्हणतात. तू काही उलगडेनास.

सचिव निघताना जरा घुटमळले. म्हणाले, मिक्सर मिळाला, आता एक विचारू का, प्रिंटर आमी परत न्हेऊ काय? संस्थेची दुधाची बिलं कार्बनवर निघतात, एका दमात तीन प्रती, आणि नव्या प्रिंटरला ते जमत नाही. मी त्यांना सांगितलं, यादीत नोंद झाली आहे, सोमवारी सगळं कॉलेजला जाणार. ते "बरं बरं" म्हणाले. वाद घातला नाही, तोंड वाकडं केलं नाही, टॉवेल घडी करून खांद्यावर टाकला, मिक्सर उचलला आणि गेले. मी नियमाप्रमाणं वागले होते. दिवसभर माझं जेवणात लक्ष नव्हतं.

त्या दुपारी मला खंडेनवमी आठवली. दर वर्षी तू शेडमधल्या एकेका यंत्राला झेंडूचा हार घालायचास आणि पडद्यांवर विभूतीचे पट्टे ओढायचास, ओळीनं सगळी लिंगायत झाल्यासारखी. मग सगळी एकदम चालू करायचास. एका वर्षी फाउंड्रीचासुद्धा फ्यूज उडाला आणि मालक हातात प्रसाद घेऊन ओरडत आले. आमच्या ग्रंथालयात कंप्युटर आला तेव्हा मी भीतीनं रजा टाकली होती, ते आठवतं का? तू एक यंत्र उचलून माझ्या स्वयंपाकघरात ओट्यावर आणून ठेवलंस. म्हणालास, कामाचं काही लिहू नको, अव्वाच्या माहेरची सगळी माणसं टाइप कर. मी मामा, मावश्या, त्यांची पोरं टाइप करत बसले आणि कुणाची धाकटी कोण यावरून आपण भांडलो. आठ दिवसांत भीती गेली. रिटायर होईपर्यंत मला त्या ग्रंथालयात कोणी कंप्युटरवरून हसलं नाही. तुला कधी थँक्यू म्हटलं नाही मी. आपल्यात तशी पद्धतच नव्हती. आता म्हणते.

त्या वेळी माझ्या ओट्यावर ते यंत्र महिनाभर होतं. त्या बदल्यात मी तुझ्या रॅकवर काही ठेवलं नव्हतं. मग तुला माझी आठवण कशी राहायची?

शनिवारी मी शेडमध्ये एकटीच शेवटची झाडलोट करत होते. बाहेर स्कूटर थांबली. पन्नाशीचा माणूस, अंगात कारखान्याचा निळा शर्ट, नखांत तेल. दारातूनच म्हणाला, "अण्णा हायत का?"

अण्णा, तोपर्यंत ते मला कुणाला सांगावं लागलं नव्हतं. जे यायचे त्यांना माहीत असायचं, ते सांत्वनाला यायचे. मी हातात झाडू धरून म्हटलं, "अण्णा गेले." माझ्याच तोंडून ते पहिल्यांदा ऐकलं आणि झाडू ठेवून मी तुझ्या खुर्चीत बसले. तो पण खाली पायरीवर बसला. मी त्याला पाणी द्यायचं, तर त्यानंच उठून माठातलं पाणी मला आणून दिलं. कुठं पेला, कुठं माठ, त्याला सगळं माहीत होतं. मी ते प्यायले. फाउंड्रीत घण पडत होते.

मग त्यानं अवघडत सांगितलं. त्याच्या वर्कशॉपमधला लेथ, प्रोग्रामवर चालणारं धातू कातायचं मशिन, जुना. वीज गेली-आली की त्यातला प्रोग्राम पुसला जातो आणि तो परत भरायला जुनाच कंप्युटर लागतो. नवा कंप्युटर त्या लेथला ओळखतच नाही. कालपासून काम बंद, पंपाचे पार्ट अर्धवट, पोरं हातावर हात धरून बसलेली. तुझा तो हँडलवाला कंप्युटर, शिलाई मशीनच्या पेटीएवढा, पोटात इवलासा पडदा असलेला, तो आजवर त्यानं कितीदा नेला आणि आणून दिला होता. "पण आता कसं, ताई. ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला आणि जायला उठला.

तो हँडलवाला कंप्युटर कॉलेजच्या सरांना सगळ्यांत आवडला होता. दालनात दारासमोर पहिला तोच ठेवायचा, असं ठरलं होतं. माझ्या यादीत तो पहिल्या क्रमांकावर होता. मी उठले. का उठले ते मला आजही नीट सांगता येत नाही. तुझं पटलं म्हणून नव्हे. सचिवांचा तो घडी केलेला टॉवेल डोळ्यांपुढून जात नव्हता म्हणून असेल, किंवा हा माणूस "ऱ्हाऊ द्या" म्हणाला म्हणून. भांडला असता तर मी दिला नसता, माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी ती पेटी ओढून पुढं आणली आणि म्हटलं, न्या.

तो माझ्याकडं बघत राहिला. "जागंवर काय ठिवू? मी काय आणलं न्हाई." मी म्हटलं, काही नको. त्याला ते रुचलं नाही. त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हातातलं हेल्मेट फळीवर ठेवलं. मी म्हटलं, अहो, हायवे आहे, ते डोक्यात घाला. तर म्हणाला, जागा मोकळी बरी दिसत न्हाई. पेटी पायापाशी उभी करून, गुडघ्यांनी दाबून तो गेला. त्याची स्कूटर फाटकाबाहेर वळली आणि माझ्या लक्षात आलं, मी नाव विचारलं नाही. नाव नाही, वर्कशॉप नाही, फोन नाही. ग्रंथालयातल्या सगळ्या नोकरीत जे एकदाही घडलं नाही, ते तुझ्या शेडमध्ये पहिल्याच खेपेला घडलं.

सोमवारी सर आले, बरोबर टेम्पो आणि दोन हमाल. यादीवरून नजर फिरवून त्यांनी आधी हँडलवालाच मागितला. मी म्हटलं, बाहेर दिलाय. कुणाला? माहीत नाही. परत कधी येणार? तेही माहीत नाही. ते माझ्याकडं असे बघायला लागले, जसं मी तुझ्याकडं बघायचे. फार सभ्य गृहस्थ. म्हणाले, "मॅडम, म्हणूनच म्हणतो, एकदा आमच्याकडं आलं की पुन्हा असं होणार नाही." त्यांचं शंभर टक्के खरं होतं. मी म्हटलं, "मग राहू दे सर. नको."

वैनी माझ्याकडं बघून म्हणाल्या, "आता ठिवायचं कुठं, वन्सं?"  मी नको म्हणून बसले होते, पुढचा विचार केलाच नव्हता. मग त्याच म्हणाल्या, "सोप्यात ठिवू. ते असताना एक वायर घरात येऊ दिली न्हाई मी. आता ऱ्हाऊ दे." आणि टेम्पोवाल्याला त्यांनीच विचारलं, रिकामा जातोस तर आमच्या गावाला, गडमुडशिंगीला सोडतोस का? सरसुद्धा हसले. हमालांच्या बरोबरीनं त्यांनी एक पडदा उचलून टेम्पोत ठेवला.

आता तुझ्या घरच्या सोप्यात, त्या पुढच्या खोलीत, पाय ठेवायला जागा नाही. सचिवांना मी फोन करून प्रिंटर न्यायला सांगितलं. ते मिक्सर घेऊनच आले, तुमच्या घरात राहू दे म्हटलं तरी ठेवून गेले. मी रोज बसनं येते, एकेक यंत्र तासभर चालू करते, तू सांगितलं होतंस तसं. कुठलं बटण आधी दाबायचं ते चुकतं. तुझं मला पटलं, असं समजू नकोस. नाव लिहायला पाहिजे, हे मी आजही म्हणेन. ज्याचं यंत्र मी भंगारात फोडलं तो उद्या आला, तर त्याला काय सांगू, याचं उत्तर तुझ्या पद्धतीत नाही आणि माझ्याही नाही.

आणि तो स्कूटरवाला अजून आलेला नाही. रस्त्यावर स्कूटर वाजली की मी दारात जाते. वैनी विचारतात, एवढा किमती हाय का तो कंप्युटर? मी हो म्हणते. पण खरं सांगू? मला कंप्युटरचं काही नाही. तो उघड्या डोक्यानं हायवेवरून गेला, तो नीट पोचला का, त्याचा लेथ चालू झाला का, एवढंच मला कळायला पाहिजे. तू इतकी वर्षं इतक्या माणसांना असा दारातून सोडत होतास आणि वर हसत होतास. अण्णा, तुला अशी काळजी लागायची का रे? मी एवढी भांडले तुझ्याशी, आणि हे एक विचारलं नाही.